सतरा नंबरची विहीर

आकडा पाहिल्यावर शुभ्राला आधी वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली असणार.

पडद्यावर सतरा ओळी होत्या, सतरा विहिरींच्या. त्यातल्या बारा कामथडीच्या पलीकडे, हायवेपासून थोड्या आत असलेल्या कागदी द्रोण-डिशांच्या कारखान्याभोवतीच्या. उरलेल्या पाच तिने मुद्दाम लांबच्या निवडल्या होत्या, वेल्ह्याच्या बाजूला डोंगरात, जिथे कारखाना नाही, मोठा रस्ता नाही. त्या तुलनेसाठी. तिथलं पाणी स्वच्छ निघणार हे धरूनच अडीच वर्षांचा अभ्यास आखलेला होता. चार विहिरी तशा निघाल्याही. पाचवी, म्हणजे सतरा नंबरची, कारखान्याच्या कुंपणाला लागून असलेल्या विहिरीपेक्षा वाईट होती. लिटरला चारशे बारा नॅनोग्रॅम.

शुभ्रा मूळची भोरची. वडील श्रीपाद तिथल्या कोर्टातून निवृत्त झालेले. ती पुण्यात पीएच.डी. करत होती. मिसळीची तर्री कागदी डिशमधून खाली झिरपत नाही, ती कागदावर चढवलेल्या एका रसायनामुळे. तेल आणि पाणी, दोन्हीला ते अडवतं. तेच त्याचं दुखणं. उन्हाने ते मोडत नाही, मातीत कुजत नाही, पाणी उकळलं तरी जात नाही. पोटात गेलं की वर्षानुवर्षं साचत राहतं आणि यकृतावर, थायरॉइडवर, गर्भातल्या मुलावर परिणाम करतं, असं ठिकठिकाणच्या अभ्यासांत दिसलेलं. कारखान्याभोवतीच्या विहिरींत ते किती उतरलं आहे, हे शुभ्रा मोजत होती.

तिने तोच नमुना पुन्हा दोनदा तपासला. चारशे नऊ. चारशे चौदा. प्रत्येक विहिरीवर ती प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्याची एक बाटली उघडून परत बंद करून आणायची. हाताला, कपड्याला लागलेलं काही मिसळलं असतं तर त्या बाटलीत दिसलं असतं. तिच्यात काहीच नव्हतं. मग तिने विहिरीच्या मालकाला फोन केला, जाऊन नवा नमुना आणला. चारशे वीस.

"सतरा नंबर काढून टाक," तिचे मार्गदर्शक प्रद्युम्न सर म्हणाले.

"कुठून काढू, सर?"

"तक्त्यातून. तुलनेला चार विहिरी पुरेत."

"पण आकडा खरा आहे."

"असेल. त्याचं कारण सांगता येतंय का तुला? नाही. कारण न कळलेला आकडा घेऊन सुनावणीला गेलीस, तर तो तुझा राहणार नाही, त्यांचा होईल."

कारखान्याला दुप्पट व्हायचं होतं. त्यासाठीची जनसुनावणी बारा दिवसांवर आली होती, नसरापूरजवळच्या एका मंगल कार्यालयात. तिथे अभ्यास मांडावा म्हणून आसपासच्या गावकऱ्यांनीच शुभ्राला गळ घातली होती.

"ते काय म्हणतील माहितीये?" सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणतील, डोंगरातल्या विहिरीतसुद्धा हेच आहे, मग आमचा काय दोष? संपलं. बारा विहिरींवरच्या माणसांनी दोन वर्षं तुला दारात उभं केलं, त्यांच्या हातात काय राहील?"

सरांनी आजवर कुणाला आकडा बदलायला सांगितलं नव्हतं. आत्ताही ते फक्त एक ओळ न लिहायला सांगत होते, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. शुभ्राला त्याचीच जास्त भीती वाटली.

"आणि सतरा नंबरचं पाणी पिणारी माणसं?" तिने विचारलं.

"त्यांना सांगू ना. सुनावणी होऊन जाऊ दे."

"त्या घरात एक बाई गरोदर आहे, सर."

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "आधी कारण शोध," एवढंच म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी ती एसटीने नसरापूरला उतरली आणि वेल्ह्याकडे जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसली. मार्गासनी मागे टाकून पुढच्या फाट्यावर उतरलं की वीस मिनिटं चढ चालून आंबेमाळ लागायचं. अकरा घरं, खालीवर पायऱ्यांसारखी भातखाचरं, मध्ये दगडी बांधणीची ती सतरा नंबरची विहीर. विहीर कुंडलिकची, पण पाणी अख्खी वाडी भरायची.

कुंडलिक साठीला आलेला, उंच, कमी बोलणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी विहिरींच्या शोधात शुभ्रा पहिल्यांदा आली, तेव्हा बाकीच्या वाड्यांमधून तिला "कशाला पायजेल पानी?" असंच ऐकायला मिळालं होतं. हा मात्र स्वतः दोर घेऊन निघाला. "घ्या की ताई. आमच्याकडं कसली कंपनी न्हाई का काय न्हाई. सगळं डोंगराचं पानी," म्हणाला होता. त्याचं नाव-गाव कुठेही छापणार नाही, असं तिने लिहून दिलं, तेव्हा तो हसला होता. "छापा की. चांगलंच निगल."

आज अंगणात त्याची सून मंगल तांदूळ निवडत होती. सातवा महिना. तिचा नवरा गोरख त्या द्रोण कंपनीतच यंत्रावर कामाला होता, रोज मोटारसायकलने जायचा. कुंडलिकची बायको रतनबाई चहा घेऊन आली.

शुभ्राने कप हातात घेतला. एका कपाने तिला काही होणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण समोर मंगलनेही कप उचलला होता आणि ती फुंकर घालत होती. काही कारण सापडायच्या आत सांगितलं तर अकरा घरांत घबराट उठेल. न सांगितलं तर ही बाई रोज दोन-तीन लिटर पिणार. शुभ्रा चहा प्यायली. घशाखाली उतरताना तिला वाटलं, आपण आत्ता खोटं बोललो.

"काका," तिने कुंडलिकला विचारलं, "विहिरीजवळ कधी आग विझवायचा फेस वगैरे वापरलाय? कुणी रंगकाम, काही फवारणी?"

"न्हाई."

"बाहेरून काही आणून टाकलं असेल? माती, खत?"

तो आधी तिच्याकडे बघत होता, आता गोठ्याकडे बघायला लागला. "न्हाई. शेणखतच घालतो आमी."

"काय झालंया ताई? पानी बिगाडलंय का?" रतनबाईने विचारलं.

"अजून तपासतेय, काकू," शुभ्रा म्हणाली. "मी जरा वरच्या बाजूला बघून येते."

कुंडलिक म्हणाला, "वर काय न्हाई." तरी ती गेली.

मार्चचं ऊन. खाचरं कोरडी, भाताचे सड उभे. विहिरीच्या वरच्या तिसऱ्या खाचरात जमिनीला भेगा पडल्या होत्या आणि भेगांच्या कडांना काहीतरी करडं दिसत होतं. तिने पिशवीतलं खुरपं काढलं. वीतभर खाली मातीचा रंगच वेगळा होता. ओला पुठ्ठा वाळल्यावर होतो तसा करडा, तंतूतंतूंचा थर. तिने ढेकूळ फोडलं. आत एका बोटाएवढा चकचकीत तुकडा निघाला, सोनेरी काठाचा. लग्नाच्या पंगतीत असतात त्या डिशचा काठ.

ती माती बरणीत भरू लागली.

"ठिवा खाली."

कुंडलिक बांधावर उभा होता. त्याचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता.

"काका, हे काय आहे?"

"जुनं हाय. पुरात वाहून आलं."

"इतक्या वर पूर येतो?"

तो खाली उतरला, तिच्या हातातली बरणी घेतली आणि पालथी केली. करडी माती तिच्या पायांवर पडली. "तुमाला पानी दिलं, ताई. माती देतो म्हनलो न्हवतो."

तेवढ्यात खालून मोटारसायकलचा आवाज आला. गोरख पाळी संपवून आला होता. अंगणातून त्याने वर पाहिलं आणि तो झपाझप चढत आला. अंगात कारखान्याचा निळा शर्ट.

"मॅडम, हितं काय खांदताय?"

"गोरख, तुमच्या विहिरीत—"

"आमच्या इहिरीचं आमी बगू. तुमचं कंपनीवर काय असंल ते तिकडं. माझी नोकरी हाय तितं." तो तिच्या अगदी जवळ आला नव्हता, पण वाट अडवून उभा होता. "फाट्यावर सोडू का? का जाताय चालत?"

ती चालत गेली. मागे वळून पाहिलं तेव्हा कुंडलिक पायाने खड्डा बुजवत होता.

*

तिसऱ्या दिवशी तिला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. कारखान्याचे व्यवस्थापक, मानसिंग. ते गेल्याच वर्षी इथे आले होते. बोलणं अगदी अदबीचं.

"मॅडम, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. एकच विनंती. सुनावणीत सगळे आकडे मांडा. सगळे सतरा. वेल्ह्याकडच्या एका विहिरीतही निघालंय म्हणे."

हे यांना कुठून कळलं, ते शुभ्राच्या लक्षात आलं. नव्या नमुन्यासाठी तिने कुंडलिकला फोन केला होता. ते गोरखला कळलं असणार, आणि गोरखकडून यांना.

"तुम्ही सोळाच मांडल्यात तर सतरावी कुठंय, हे मी सगळ्यांसमोर विचारीन," मानसिंग म्हणाले. "राग मानू नका. तीनशे माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे."

फोन ठेवल्यावर तिला फास आवळल्यासारखं झालं. ओळ काढली तर ती लबाड ठरणार. ओळ ठेवली तर कारखाना सुटणार. आणि त्या ओळीचं कारण सांगू शकणारा एकच माणूस होता, त्याने बरणी पालथी केली होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी ती पुन्हा आंबेमाळला गेली. या वेळी खुरपं घेतलं नव्हतं. वडिलांनी सोबत येऊ का विचारलं, ती नको म्हणाली.

घरात कुंडलिक, रतनबाई आणि मंगल होते. गोरख कामावर. शुभ्रा ओटीवर टेकली आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणाली, "मी आज काही मागायला आले नाही. तुमच्या विहिरीत काय सापडलंय ते सांगायला आलेय. हे मी दहा दिवसांपूर्वीच सांगायला हवं होतं. माझी चूक झाली."

तिने सांगितलं. आकडा, रसायन, उकळून उपयोग नाही हेही. मंगलकडे बघून म्हणाली, "तुम्ही आजपासून हे पाणी पिऊ नका. स्वयंपाकालाही नको."

मंगलचा हात पोटावर गेला. "माझ्या बाळाला काय झालं असंल का ताई?"

"मला माहीत नाही," शुभ्रा म्हणाली. "खरंच माहीत नाही. बहुतेक मुलं व्यवस्थित जन्मतात. पण आता पाणी बदलायला हवं."

रतनबाई उठली, माजघरात गेली आणि भरलेली कळशी उचलून अंगणात ओतून आली. कुंडलिक खांबाला टेकून बसला होता. मग तो एकदम बोलू लागला, जमिनीकडे बघत.

"चार वरसं झाली. तवा टेम्पो व्हता माझा. कंपनीतला एक सायेब म्हनला, कागदाचा लगदा हाय, सेंद्रिय खत म्हून घाला, फुकाट नेऊन टाका. भाडं कंपनी देती. म्या इचारलं, काय अपाय न्हाई ना? त्यो म्हनला, कागूदच हाय की, झाडापासनंच झालाय." तो थांबला. "माती मऊ झाली, ताई. पयल्या साली भात बी बरं आलं. मग समद्यांनी मागितलं. चंद्राबाईच्या खाचरात म्याच टाकलं. कोंडिबाच्या बी. नऊ घरांच्या खाचरांत टाकलंया."

"मामा, तुमास्नी ठावं व्हतं?" मंगलने विचारलं. "ताई त्या दिशी माती बगत व्हत्या तवा?"

"ठावं न्हवतं. ताईंनी इचारलं तवा ध्यानात आलं."

"आन् मग गप का बसला?"

रतनबाईच म्हणाली, "गोरख्याच्या नोकरीपायी. दुसरं काय."

"काका," शुभ्राने विचारलं, "उद्या हे सुनावणीत सांगाल?"

"न्हाई." त्याने मान हलवली. "वाडी मला जित्ता ठेवायची न्हाई. पोराची नोकरी जाईल. माती न्या तुमी. पायजेल तेवढी न्या. माझं नाव तेवढं नगं."

"नाव मी घेणार नाही. तसं लिहूनच दिलंय."

त्याने स्वतः टिकाव घेतला आणि तीन खाचरांतली माती तिला काढून दिली. पण मातीचा निकाल यायला तीन आठवडे लागणार होते आणि सुनावणी उद्या होती.

*

मंगल कार्यालय सकाळी अकरालाच भरलं. पुढच्या पाच रांगांत कारखान्याने आणलेले कामगार, सगळे निळ्या शर्टांत. तिसऱ्या रांगेच्या कडेला गोरख होता. मागे विहिरींची मालकमंडळी, बाया, दोन पत्रकार. व्यासपीठावर अध्यक्ष असलेले अधिकारी आणि त्यांचा लेखनिक. सरही आले होते, भिंतीला टेकून उभे.

शुभ्राने सतराही ओळी मांडल्या. बारा विहिरींबद्दल बोलताना मागून कुणीतरी "ऐका, ऐका" म्हणालं. सतराव्या ओळीपाशी ती आली आणि तिने आकडा वाचला. निळ्या रांगांमधून हसण्याची लाट उठली.

मानसिंग उभे राहिले. "मॅडमनी प्रामाणिकपणे मांडलं, आभार. अध्यक्षसाहेब, ही विहीर आमच्या कारखान्यापासून वीस किलोमीटर लांब, वर डोंगरात आहे. आमचं पाणी डोंगर चढतं का?"

जोराने हशा. अध्यक्षांनी शुभ्राकडे पाहिलं. "यावर काही?"

"त्या विहिरीच्या वरच्या शेतात मी कागदाच्या लगद्याचा थर पाहिला आहे," ती म्हणाली. "त्यात डिशचा तुकडा होता. मातीचे नमुने काल घेतलेत. निकाल यायचा आहे. तो येईपर्यंत मी ठामपणे काही म्हणणार नाही."

"लगदा तिथे कुणी नेला?" मानसिंगनी विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही."

"विहीर कुठल्या गावची? मालक कोण?" माहीत असूनही त्यांनी विचारलं.

"तेही सांगू शकत नाही. मालकांना मी तसं लिहून दिलंय."

"म्हणजे गाव नाही, मालक नाही, पुरावा नाही." मानसिंग अध्यक्षांकडे वळले. "मग हे ऐकायचं कशाला?"

आता मागच्या रांगाही कुजबुजू लागल्या. बारा विहिरींवरचा एक म्हातारा उठून तिला म्हणाला, "अवो ताई, सांगा की! आमची सगळी मेहनत चाललीय पान्यात!"

शुभ्राने दाराकडे पाहायचं टाळलं. कुंडलिक आलेला तिने मघाशीच पाहिला होता. दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, शेवटच्या रांगेच्याही मागे तो उभा होता. एकदा बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. तिचे हात कागदावर घट्ट दाबलेले होते. "मी नाव सांगणार नाही," ती पुन्हा म्हणाली. तिचा आवाज फुटला, आणि पुढच्या रांगेतल्या कुणीतरी त्याची नक्कल केली.

अध्यक्षांनी लेखनिकाला लिहून घ्यायला सांगितलं, "सतरा क्रमांकाबाबत खुलासा उपलब्ध नाही."

"हाय खुलासा."

माना मागे वळल्या. कुंडलिक चालत पुढे येत होता. मधल्या वाटेने, अगदी सावकाश. माईकपाशी आल्यावर तो माईकपासून हातभर लांबच उभा राहिला, त्यामुळे पहिलं वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही. अध्यक्षांनी त्याला जवळ यायला सांगितलं.

"सतरा नंबर माझी इहीर. आंबेमाळ, तालुका वेल्हे. कुंडलिक नाव. तो लगदा म्या नेला. ह्या कंपनीतनं. माझ्या टेम्पोनं, चौदा खेपा. त्यांनी खत म्हून दिलं, आन् म्या घेतलं. माझ्यावर कुनी जबरदस्ती केली न्हवती, हे बी लिवा."

मानसिंगांचा चेहरा उतरला. "कुठलं वर्ष?" त्यांनी विचारलं. सांगितल्यावर ते मागे बसलेल्या आपल्या माणसांकडे वळले. त्यांच्यातला एकही मान वर करेना.

"याला काही कागद आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

कुंडलिकने बंडीच्या खिशातून घडी घातलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आत गेटवरून टेम्पो बाहेर सोडल्याच्या पावत्या होत्या. चौदा नव्हत्या, नऊ सापडल्या होत्या. रतनबाईने सकाळी शोधून दिल्या, असं तो म्हणाला.

लेखनिक त्या मांडून एकेक नोंदवू लागला. शुभ्राची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. गोरखने एकदाही मागे पाहिलं नव्हतं, बापाकडेही नाही. शेजारचा त्याला कोपराने ढोसत होता. शेवटी तो उठला, रांगेतून वाट काढत बाहेर गेला आणि थोड्या वेळाने मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. कुंडलिक तो आवाज जाईपर्यंत ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "आनिक काय इचारायचं असंल तर इचारा."

*

कारखान्याचा विस्तार त्या दिवशी नाकारला गेला नाही. चौकशी होईपर्यंत पुढे ढकलला. तीन आठवड्यांनी मातीचे निकाल आले. कारखान्याच्या सांडपाण्यात जी रसायनं होती तीच, जवळजवळ त्याच प्रमाणात. शुभ्राचा लेख सतराही विहिरींसह प्रसिद्ध झाला. कुंडलिकने परवानगी दिली होती तरी तिने त्यात त्याचं नाव घातलं नाही. सर तिला एवढंच म्हणाले, "मी चुकलो होतो," आणि दोघांनी तो विषय परत काढला नाही.

आंबेमाळला आठवड्यातून तीनदा टँकर येऊ लागला. विहिरीवर लोखंडी जाळी बसली. गोरखला कामावरून कमी केलं. कारण कुणी लिहून दिलं नाही. मंगल बाळंतपणाला माहेरी उत्रोलीला गेली आणि तिला मुलगी झाली, सव्वातीन किलोची, धडधाकट. गोरखही तिकडेच राहिला. बापाशी फोनवर तो मुलीबद्दल बोलायचा, बाकी काही नाही.

वाडीचा राग वेगळाच होता. त्यांचा इंद्रायणी तांदूळ पुण्यातली घरं थेट घेऊन जायची. बातमी छापून आल्यावर त्यांनी फोन उचलणं बंद केलं. नऊ घरांच्या खाचरांत लगदा होता आणि तो आता काढायचा कसा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कुंडलिकच्या दारावरून जाताना लोक पलीकडच्या बाजूने जात.

भात काढून झाल्यावर, नोव्हेंबरात, शुभ्रा पुन्हा आली. सोबत एक नर्स होती. आंबेमाळच्या माणसांच्या रक्तात किती साचलं आहे, हे तपासायचं होतं. त्याशिवाय नुकसानीची मागणी पुढे सरकणार नव्हती. पहिल्या चार घरांनी दार लावून घेतलं. कुंडलिक म्हणाला, "चला, म्या येतो संगं."

"तुम्ही आलात तर ते अजून—"

"म्हाईत हाय मला. पर टाकलंय म्या. इचारायला बी म्याच पायजे."

चंद्राबाई पासष्टीच्या, एकट्या राहणाऱ्या. कुंडलिकच्या सख्ख्या शेजारी. अंगणात उडीद पाखडत बसल्या होत्या. शुभ्राने सगळं समजावून सांगितलं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"रगत घ्या माझं," त्या म्हणाल्या. "पर त्याला म्हनावं, माझ्या अंगनात पाय ठिवायचा न्हाई."

कुंडलिक आधीच बांधावर थांबला होता. "म्या हितंच हाय," तो म्हणाला.

नर्सने दंडाला पट्टा बांधला. सुई जाताना चंद्राबाईंनी तोंड फिरवलं नाही. नळीत रक्त चढताना बघत त्यांनी विचारलं, "कळायला किती दिस लागत्याल?"

"दोन महिने."

"आन् कळल्यावर औशिद काय?"

शुभ्राने आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. "औषध नाही, मावशी. चांगलं पाणी पीत राहिलं की हळूहळू कमी होतं. पण त्याला वर्षं लागतात."

चंद्राबाईंनी कापसाचा बोळा दाबून धरला. मग बांधाकडे बघून, मोठ्याने, साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐकलं का रं कुंडलिका? वरसं लागत्यात म्हनं."

सुनावणीनंतर त्या त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या.

"ऐकलं," तो म्हणाला. आणि शुभ्राची वाट न बघता पुढच्या घराकडे, कोंडिबाच्या दाराशी जाऊन त्याने कडी वाजवली.